लोणारचे खारे पाणी आणि समुद्रतळाचे अभ्यासक

१

बुलढाणा जिल्ह्यास समुद्र नाही. अरबी समुद्राचा किनारा येथून साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. वऱ्हाडच्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला भरती-ओहोटी, प्रवाळ, पाणबुड्या हे शब्द पुस्तकांतूनच ठाऊक होतात. तरीही या जिल्ह्याच्या दक्षिण भागात, लोणार गावाच्या पायथ्याशी, समुद्राची आठवण करून देणारे एक खारे पाणी आहे. लोणारच्या सरोवरावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या काठच्या देवळांचे वास्तुशिल्प, त्याची पौराणिक कथा, त्याच्या विवराचा उल्कापाताशी असलेला संबंध, या विषयांची चर्चा अभ्यासकांस परिचित आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू त्याहून थोडा वेगळा आहे. या पाण्याच्या पृष्ठभागाखाली काय आहे, हे माणसाला केव्हा व कोणत्या मार्गाने कळत गेले, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

हा प्रश्न लोणारपुरता वाटतो. पण तसा तो नाही. उष्ण कटिबंधातील समुद्राच्या बाबतीतही नेमका हाच प्रश्न गेली दोनशे वर्षे विचारला गेला. तेथे त्याचे उत्तर पाणबुड्यांनी दिले. पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाण्यात उतरणाऱ्या माणसाने प्रवाळांची वस्ती प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली, आणि तोवर जाळ्यात अडकून वर आलेल्या तुकड्यांवरून बांधलेले कित्येक तर्क दुरुस्त करावे लागले. लोणारच्या पाण्यात असे पाहणे शक्य नव्हते. तरीसुद्धा या दोन इतिहासांची गाठ एके ठिकाणी पडते. लोणारच्या विवराचा उगम उल्कापातात असावा काय, हा प्रश्न विसाव्या शतकात ज्या मोजक्या विद्वानांनी गंभीरपणे मांडला, त्यांत दोघेजण मूळचे समुद्राचे अभ्यासक होते. ही गोष्ट आपल्याकडे फारशी लक्षात घेतली गेलेली नाही. ती येथे थोड्या विस्ताराने मांडण्याचे योजिले आहे.

२

प्रथम, काठावरून पाहिलेल्या लोणारचा विचार करू.

स्थलपुराणाप्रमाणे लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमीखाली राहत असे आणि विष्णूने त्याचा वध केला. गावातील दैत्यसूदनाचे शिल्पसंपन्न मंदिर याच कथेची आठवण ठेवून आहे. दैत्याचे नाव लवण आणि पाण्याचा गुण खारटपणा, ही सांगड अर्थपूर्ण आहे. खोल खड्डा, त्यात साचलेले न पिण्याजोगे पाणी, आणि त्याच्याच कडेवर गोमुखातून अखंड वाहणारी गोड्या पाण्याची धार, हे तिन्ही चमत्कार एका कथेत बसविण्याचा हा प्रयत्न होता. सरोवराच्या काठची कमळजा देवी, धारातीर्थ, आणि जिचे पाणी एका बाजूस गोड व दुसऱ्या बाजूस खारे असे सांगतात ती सासू-सुनेची विहीर, या सर्व स्थळांतून जुन्या लोकांची एकच जिज्ञासा व्यक्त होते : एवढ्या जवळजवळ असलेल्या पाण्यांच्या चवी इतक्या वेगळ्या का?

यादवकाळात लोणार हे प्रसिद्ध क्षेत्र होते. लीळाचरित्रात श्रीचक्रधरस्वामींच्या लोणार येथील वास्तव्याचे उल्लेख येतात. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारला जागा दिली. त्याच्या वर्णनातील तीन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. एक, हे तीर्थ ब्राह्मणांत विष्णुगया या नावाने ओळखले जाई. दोन, येथे काच व साबण यांना लागणारी द्रव्ये मिळत आणि क्षारांपासून सरकारास चांगले उत्पन्न येई. तीन, हा जलाशय अतिशय खोल आहे, असे तो सांगतो. यांतील पहिल्या दोन गोष्टी व्यवहारातील आहेत व त्यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तिसरी मात्र ऐकीव दिसते. विवराच्या काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे दीडशे मीटर आहे हे खरे. परंतु पाण्याची स्वतःची खोली आधुनिक मोजणीत अवघी सहा मीटरांच्या आसपास भरली असून ती पावसाप्रमाणे कमीअधिक होते. म्हणजे ज्या पाण्यास अथांग म्हटले जाई, ते अनेक ठिकाणी गावच्या विहिरीपेक्षा उथळ होते. दोरीला दगड बांधून सोडण्याइतका सोपा प्रयोग करण्याची कोणास गरज भासली नसावी. जे पाणी पवित्र किंवा भयप्रद असते त्याची खोली कोणी मोजत नाही. ती मानली जाते.

क्षारांचा व्यवहार मात्र लोकांनी अत्यंत बारकाईने केला. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर व चिखलात क्षारांचे थर बसत. त्यांचे डल्ला, पापडी, भुस्की असे अनेक प्रकार कामगार नुसत्या नजरेने व स्पर्शाने ओळखत. साबण, बांगड्यांची काच, कापडाचा रंग पक्का करणे व औषधे यांसाठी त्यांचा उपयोग होई. रसायनशास्त्राच्या भाषेत हे सोडियमच्या कार्बोनेटांचे व मिठाचे निरनिराळ्या प्रमाणांतील मिश्रण होय. त्या नावांच्या यादीत एका अर्थी पाण्याचे पहिले पृथक्करणच दडलेले आहे, आणि ते अक्षरशत्रू म्हणविल्या गेलेल्या माणसांनी केलेले आहे, हे नमूद करणे आवश्यक वाटते.

१८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली, आणि तेथून युरोपीय जिज्ञासूंची परंपरा सुरू झाली. त्यांचा मुख्य प्रश्न पाण्याविषयी नव्हता, खड्ड्याविषयी होता. दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्याने बनलेले, म्हणून हा खड्डाही ज्वालामुखीच्या स्फोटाने झाला असावा, असा निष्कर्ष एकोणिसाव्या शतकात बहुतेकांनी काढला. १९१२ साली भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाच्या पत्रिकेत ला टूश व क्रिस्टी यांचा लोणारच्या भूविज्ञानावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यांतील क्रिस्टी हे रसायनज्ञ असल्यामुळे पाण्याच्या व क्षारांच्या घटकांस त्या निबंधात योग्य ते स्थान मिळाले. तथापि एवढ्या सर्व अभ्यासात एक विषय जवळजवळ कोराच राहिला. त्या पाण्यात काय जगते, हा तो विषय होय. ज्यात मासे जगत नाहीत, जे जनावर पीत नाही, ज्याला काठावर उभे राहिले तरी उग्र दर्प येतो, ते पाणी मृत मानले गेले होते. आणि मृत वस्तूचे पृथक्करण करतात, तिच्या रहिवाशांची गणती करीत नाहीत.

३

आता लोणार सोडून थोडा वेळ समुद्राकडे वळू. कारण पुढील घटनांचे धागे तेथून येतात.

समुद्राचे ज्ञानही प्रथम काठावरून व नावेतूनच झाले. १८४२ साली चार्ल्स डार्विनने प्रवाळद्वीपांच्या उत्पत्तीवर ग्रंथ लिहिला, तो नकाशे, खोली मोजण्याची दोरी व तिला चिकटून वर आलेले तुकडे यांच्या आधारे. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने साऱ्या महासागरांतून फिरून तळाचे नमुने गोळा केले. पण त्या जहाजावरील एकाही शास्त्रज्ञाने तो तळ पाहिला नव्हता. मध्यरात्री विमानातून दोरीने टोपली सोडून खालच्या गावातील लोकजीवनाचा अभ्यास करावा, तसा हा प्रकार होता. याला आरंभीचा अपवाद म्हणून आंरी मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाचे नाव घेतात. त्याने १८४४ साली सिसिलीच्या किनाऱ्यावर डोक्यावर शिरस्त्राण घालून, वरून नळीने हवा घेत, समुद्रात उतरून निरीक्षण केले. पण हे साधन जड, खर्चाचे आणि नावेला जखडलेले होते.

खरे स्थित्यंतर १९४३ साली झाले. फ्रान्समध्ये झाक-इव्ह कूस्तो हा नाविक अधिकारी व एमिल गान्यां हा अभियंता यांनी असे एक यंत्र सिद्ध केले की ज्यामुळे पाठीवरील नळकांड्यांतील दाबाखालची हवा पाणबुड्यास त्याच्या भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने मिळू लागली. त्याचे महत्त्व समजण्यास एक साधी गोष्ट पुरे. पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की सुमारे एका वातावरणाचा दाब वाढतो. त्यामुळे पृष्ठभागावरून नुसत्या नळीने श्वास घेऊ म्हटले तर एक-दोन मीटरांखाली छाती फुगेनाशी होते. ही अडचण दूर होताच माणूस पाण्यात नळीवाचून, दोरीवाचून, माशासारखा आडवा पोहू लागला. पुढे या साधनास स्कूबा हे नाव रूढ झाले. त्याचा उपयोग क्रीडा म्हणून झाला, तसाच तो विज्ञानासाठीही झाला. १९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर काही भूशास्त्रज्ञ हे साधन घेऊन समुद्रतळाचा नकाशा स्वतः खाली उतरून तयार करू लागले. त्यांत रॉबर्ट डीट्झ यांचा समावेश होता.

डीट्झ यांचे नाव समुद्रशास्त्राच्या इतिहासात दोन कारणांनी आदराने घेतले जाते. समुद्राचा तळ मध्यवर्ती पर्वतरांगांपासून दोन्ही बाजूंस पसरत जातो, ही कल्पना त्यांनी १९६१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली. दुसरे, २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार व डॉन वॉल्श हे ‘त्रिएस्त’ नावाच्या यानातून प्रशांत महासागराच्या सर्वांत खोल गर्तेत, सुमारे अकरा किलोमीटर खाली, उतरले. त्या उपक्रमामागे डीट्झ यांची खटपट होती, आणि त्या प्रवासाचा वृत्तान्त पिकार यांच्यासह त्यांनीच ग्रंथरूपाने लिहिला. त्यांचा आणखी एक ध्यास होता, तो म्हणजे पृथ्वीवर कोसळलेल्या उल्कांच्या खुणा शोधण्याचा. आघाताने खडकात उमटणाऱ्या शंकूच्या आकाराच्या भेगा हा उल्कापाताचा पुरावा मानावा, असे ते १९४० नंतरच्या दशकापासून प्रतिपादीत होते.

दुसरे गृहस्थ यूजीन लाफाँड. हे अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ १९५० नंतरच्या दशकात वॉल्टेअर येथील आंध्र विद्यापीठात अध्यापनासाठी येऊन राहिले होते. बंगालच्या उपसागराच्या पाण्याचे प्रवाह, त्याचे तापमान व आंध्र किनाऱ्याजवळील समुद्रतळावरील खोल दऱ्या यांचा अभ्यास त्यांनी तेथील विद्यार्थ्यांसह केला. भारतातील समुद्रशास्त्राच्या विद्यापीठीय शिक्षणाच्या आरंभकाळाशी त्यांचे नाव निगडित आहे.

या दोघांनी १९६४ साली उल्काशास्त्राच्या एका नियतकालिकात लोणारच्या विवरावर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. लोणार हे उल्कापाताचे विवर असावे काय, असे त्याच्या शीर्षकातच विचारले होते. प्रश्नचिन्ह प्रामाणिकपणाचे होते. निर्णायक पुरावा त्यांच्या हाती नव्हता. तो पुरावा नऊ वर्षांनी आला. तळाशी छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत आघाताने काचेसारखे झालेले स्फटिक सापडले, आणि १९७३ साली फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लोणार हे बसाल्ट खडकातील आघातविवर असल्याचे प्रतिपादन केले. आज ते मत सर्वमान्य आहे.

येथे एक शंका उपस्थित होईल. डीट्झ यांना समुद्रतळ आणि उल्का या दोन्हींचा नाद होता, हा निव्वळ योगायोग नव्हे काय? तसे असू शकेल, हे मान्य केले पाहिजे. केवळ दोन आवडी एका माणसाच्या ठायी होत्या एवढ्यावरून त्यांच्यात कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तथापि आम्हांस असे वाटते की, दोन्हींमागील विचारपद्धती एकच होती. समुद्रतळाच्या अभ्यासकाला एक सवय लागलेली असते. त्याच्या अभ्यासाचा विषय नेहमी झाकलेला असतो. वर दिसणारे पाणी हा त्याचा विषय नसतो. ते त्याच्या विषयावरील आवरण असते. भोवतालचा खडक ज्वालामुखीजन्य आहे, म्हणून खड्डाही ज्वालामुखीजन्य, हा निष्कर्ष दिसणाऱ्या गोष्टींवरून काढलेला होता. खड्ड्याच्या तळाशी, गाळाखाली, काय दडले असेल, हा प्रश्न मात्र बुडी मारणाऱ्याच्या मनाला आधी सुचतो. लोणारच्या इतिहासात समुद्राच्या अभ्यासकांचा वाटा हाच होय : त्यांनी पाण्याखाली पाहण्याची गरज दाखवून दिली.

४

विवराचा प्रश्न अशा रीतीने सुटला. पाण्यातील जीवनाचा प्रश्न मात्र याच काळात समुद्रात एका मार्गाने व लोणारात दुसऱ्या मार्गाने पुढे गेला. ही तुलना उद्बोधक आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ आहेत, ही गोष्ट शास्त्रीय वाङ्मयात बऱ्याच उशिरा आली. १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, आणि तेथील कासिम व वाफर यांनी १९७९ साली पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे नोंदविले. त्यांत मालवणचा समावेश होता. १६६४ साली शिवाजी महाराजांनी ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया घातला, त्याच्याच भोवतीच्या खडकांवर ही वस्ती आहे. कोळ्यांना ती अर्थातच पूर्वीपासून ठाऊक होती. कारण त्यांची जाळी त्या खडकांत अडकत. १९८७ साली मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरांचा भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. मासेमारीवर गदा येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला, आणि तो विरोध समजण्याजोगा होता. ज्यांनी ते जीवन कधी पाहिले नव्हते त्यांनी ज्यांचे पोट त्यावर होते त्यांना त्याचे रक्षण करण्यास सांगावे, हे त्यांस रुचले नाही. पुढे मालवण व तारकर्ली येथे पर्यटकांना स्कूबाच्या साधनाने पाण्याखाली नेण्याचा व्यवसाय वाढला, आणि किनाऱ्यावरचीच तरुण मुले वाटाडे झाली.

त्या पाण्यात प्रथमच उतरणाऱ्या माणसास काय भेटते? आधी फक्त स्वतःच्या श्वासाचा मोठा आवाज. मग पिवळसर हिरव्या पाण्यातून हळूहळू खडक दिसू लागतो. त्यावर दगडासारखा, परंतु बारीक तोंडांनी भरलेला प्रवाळ; लाटेबरोबर डोलणारे तपकिरी समुद्रशेवाळ; कपारीत तोंड उघडून बसलेला गोब्रा; आणि खडकावरून चरत जाणारे रंगीत माशांचे थवे. मासा बाजारात आडवा व मेलेला पाहण्याची सवय असलेल्या माणसास तो उभ्याउभ्या आपल्याकडे पाहत आहे, ही जाणीवच नवी असते. मालवणचे पाणी पावसाळ्यानंतर बराच काळ गढूळ राहते, तेथील प्रवाळ लक्षद्वीपाच्या मानाने थोडे आहेत, हे सर्व खरे. तरी पाहिलेली वस्तू माणूस विसरत नाही, आणि न विसरलेल्या वस्तूविषयी पुढे तो बोलतो.

लोणारात अशी भेट घडत नाही. तेथील पाण्यास दाट हिरवा रंग असून त्यात नजर शिरत नाही. त्याचा सामू दहाच्या आसपास असतो, तर समुद्राचा सुमारे आठ. हे आकडे जवळचे वाटतात. पण सामूच्या मापात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक असल्यामुळे लोणारचे पाणी समुद्राहून सुमारे शंभरपट अल्कधर्मी ठरते. डोळ्यांस व त्वचेस ते झोंबते. शिवाय दोन्ही पाण्यांच्या खारटपणाचे कारण निराळे आहे. लोणारास बाहेर पडण्यास वाट नाही. पावसाचे व झऱ्यांचे पाणी खडकातील क्षार विरघळवून आत आणते, ऊन ते पाणी उडवून नेते, क्षार मागे राहतात. पाण्यात कार्बोनेट इतके साचते की चुन्याचा अंश विरघळून राहू शकत नाही. तो स्फटिकरूपाने खाली बसतो. प्रवाळाला आपले घर बांधण्यासाठी नेमका हाच चुना पाण्यातून उचलावा लागतो. म्हणून खारे असूनही लोणारचे पाणी समुद्राचे धाकटे भावंड नव्हे. त्यात प्रवाळ नाही, शिंपला नाही.

मग त्यात आहे काय? याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाने दिले. तो दाट हिरवा रंग चिखलाचा नसून जीवनाचा आहे. स्पायरुलिना या नावाने परिचित असलेली, मळसूत्राप्रमाणे वळलेली सूक्ष्म हरितनील वनस्पती त्यात विपुल वाढते. तिच्या जातीची पौष्टिक भुकटी आज औषधांच्या दुकानात मिळते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील व अन्य संशोधकांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या पाण्यातील व गाळातील सूक्ष्मजंतूंची पद्धतशीर गणना केली. अल्कधर्मी पाण्यातच सुखाने राहणारे, मिठावाचून न जगणारे, प्राणवायूशिवाय गाळात मिथेन वायू तयार करणारे, आणि तोच वायू खाऊन राहणारे असे नाना प्रकारचे जीव त्यांना सापडले. मृत म्हणून सोडून दिलेले पाणी हे वस्तुतः अतिशय गजबजलेले गाव निघाले. मालवणच्या समुद्रात पाणबुड्याच्या काचेने जे केले, ते लोणारात सूक्ष्मदर्शकाच्या काचेने केले. फरक एवढाच की, पहिली काच भाड्याने मिळते व हजारो लोक ती डोळ्यांस लावतात. दुसरी प्रयोगशाळेच्या टेबलावर राहते.

५

या दोन पाण्यांचा आणखी एक संबंध अलीकडे उघडकीस आला असून तो आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे.

लोणारच्या तळाशी हजारो वर्षांचा गाळ थरांवर थर साचून राहिला आहे. संशोधकांनी तेथून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा उभा नमुना काढला व २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या थरांत गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक सापडतात, ते थर सरोवर फार आटले असतानाचे, म्हणजे दीर्घ अवर्षणाचे, मानावे लागतात. असे दोन कालखंड आढळले : सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा एक आणि सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा दुसरा. संशोधकांनी या अवर्षणांचा संबंध हिंदी व प्रशांत महासागरांच्या मधल्या उष्ण जलराशीतील बदलांशी जोडला. इंडोनेशियाभोवतीच्या ज्या उबदार समुद्रात जगातील समृद्ध प्रवाळवस्त्या आहेत, तोच समुद्र वऱ्हाडच्या पावसावर परिणाम करीत आला आहे, असा याचा अर्थ होतो.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. दुसऱ्या कालखंडात सातवाहनांचा उत्तरकाळ, वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट व यादव ही सर्व राज्ये येतात. दैत्यसूदनाचे मंदिर उभे राहिले, चक्रधरस्वामी लोणारास आले, तो काळही याच पट्ट्यात बसतो. अवर्षणामुळे अमुक राज्य बुडाले, असे विधान करण्याचा मोह टाळला पाहिजे. तेराशे-चौदाशे वर्षांच्या दीर्घ पट्ट्यात सुबत्तेची वर्षेही असंख्य असणार. परंतु ताम्रपट व शिलालेख जेथे मौन पाळतात तेथे सरोवराचा तळ बोलू शकतो, आणि तो जे बोलतो त्याचा अर्थ समजण्यास उष्ण समुद्राचे ज्ञान लागते, हे आता नाकारता येणार नाही. प्रवाळही आपल्या चुन्याच्या थरांत वर्षावर्षाचे तापमान नोंदवीत असतो. एक दप्तर पाणबुड्या वर आणतो, दुसरे लोणारच्या चिखलातून निघते, आणि दोन्ही एकमेकांशी ताडून पाहावी लागतात.

या दप्तराची आजची पानेही लिहिली जात आहेत. १९९८ साली समुद्र असामान्य तापल्यामुळे हिंदी महासागरातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. आपल्या लक्षद्वीपासही त्याची झळ बसली. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया नावाचा पाण्याखालील उंचवटा आहे. त्याचा माथा वीस मीटरांच्या आसपास खोल असून त्यावर प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे. तेथे २०१९ च्या डिसेंबरात संशोधकांनी बुडी मारून पाहणी केली. ज्या आरमाराने हे पाणी राखले त्याचे नाव त्या उंचवट्यास आहे. त्याखालच्या जीवनाची मोजदाद मात्र दोन-तीन शतकांनी झाली.

६

लोणारला त्याच्या अदृश्य रहिवाशांनी स्वतःच एकदा दर्शन दिले. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. गावात व वृत्तपत्रांत तर्ककुतर्क सुरू झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे हा विषय गेला, आणि पाण्याचे नमुने नागपूर व पुणे येथील संशोधन संस्थांत तपासण्यात आले. निष्कर्ष असा निघाला की, पाणी आटून खारटपणा वाढल्यामुळे मीठप्रिय आदिजीवांची बेसुमार वाढ झाली होती, आणि तो रंग त्यांच्या अंगचा होता. पुढे पाऊस पडून पाणी पातळ झाले व तो रंग ओसरला. हजारो वर्षे ज्यांच्या अस्तित्वाची कोणास वार्ता नव्हती, ते जीव काही दिवस साऱ्या जगाच्या चर्चेचा विषय झाले. त्याच वर्षी लोणारचा समावेश रामसर कराराच्या पाणथळ जागांच्या यादीत झाला. त्याच्या वीस वर्षे आधी, २००० साली, ते वन्यजीव अभयारण्य झालेले होते.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. अभयारण्य म्हटले की मोर, बिबळ्या व झाडी डोळ्यांपुढे येतात. तीर्थ म्हटले की देऊळ व घाट. या दोन्हींचे रक्षण करूनही लोणारचे पाणी नष्ट होऊ शकते. गावाचे सांडपाणी त्यात उतरले, शेतातील खतांचा अंश मिसळला किंवा गोड्या पाण्याचा ओघ प्रमाणाबाहेर वाढला, तर त्याचा क्षार व सामू बदलेल. हा धोका नुसता कल्पित नव्हे. बाहेरून येणाऱ्या पोषक द्रव्यांमुळे सरोवर बिघडत असल्याकडे संशोधकांनी १९९३ सालीच लक्ष वेधले होते. पाणी गोड होणे ही इतरत्र आनंदाची वार्ता असते. येथे ती एका संपूर्ण जीवसृष्टीच्या मृत्यूची ठरेल, आणि वरून पाहणाऱ्यास सरोवर पूर्वीपेक्षा अधिक भरलेले व सुंदरच दिसेल. मालवणचा प्रवाळ मेला तर तेथील वाटाड्या दुसऱ्या दिवशी सांगेल. लोणारचे जीव नाहीसे झाले तर सांगणारा कोण?

या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्यातील महाविद्यालयांनी द्यावे असे आम्हांस वाटते. त्यासाठी बुडी मारण्याची साधने लागत नाहीत. दर महिन्याला ठरलेल्या चार जागांचे पाणी घेणे, त्याचा सामू व क्षार मोजणे, एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे व दिसेल ते वहीत लिहून ठेवणे, एवढे कोणत्याही विज्ञानशाखेच्या वर्गास शक्य आहे. अशी वही तीस-चाळीस वर्षे अखंड चालली तर तिचे मोल कोणत्याही ताम्रपटाहून कमी राहणार नाही. क्षारांच्या प्रकारांना नावे देणाऱ्या जुन्या कामगारांनी जे नजरेने केले, तेच आता काचेने करावयाचे आहे. लोणारची खोली एकेकाळी लोकांनी न मोजताच अथांग मानली. त्यातील जीवनाच्या बाबतीत तीच चूक आपण पुन्हा करू नये.